दोन चिखलाचे, दोन साधे

तात्याबांच्या छातीत कळा यायला लागल्या, तसा त्यांचा मुलगा माऊली वस्तीवरच्या एकुलत्या एक जीपसाठी टायर घ्यायला यवतला गेला. म्हातारा हट्टानं सोबत आला.

"चिखलातले देऊ का साध्या रस्त्याचे?" दुकानदारानं विचारलं.

"चिखलातलेच द्या. दवाखान्याकडं गुडघाभर चिखल हाय."

"आन् स्मशानाकडं नवं सिमेंट हाय, त्याचं काय?" तात्याबा खेकसले. "तिथं हे झिजून जातील. दोन चिखलाचे घे, दोन साधे. म्हंजी कुठंच अडायला नको."

तात्याबांपुढं माऊलीचं काय चालतंय!

पावसाळ्यात मोठी कळ आली, तेव्हा जीप दवाखान्याच्या वाटेवर अर्ध्यातच रुतली. ट्रॅक्टरनं ओढून काढेपर्यंत तात्याबा गेले होते.



दुसऱ्या दिवशी तात्याबांना घेऊन जीप सिमेंटवरनं अशी झोकात गेली, की स्मशानातून परतताना तिघांनी माऊलीला टायरचं दुकान विचारलं.