मॅडमचा तास

लातूरच्या त्या कॉलेजात कोण शिक्षण सोडणार, हे सरकारी यंत्र आधीच सांगे. ज्याला धोका सर्वांत जास्त, त्याच्याजवळ प्राध्यापकाने रोज तासभर बसायचं, असा राज्याचा नियम होता. गणिताच्या चोंदे मॅडम तरन्नुमजवळ बसत. हॉस्टेलवर तिच्याच खोलीत राहणारी सुमेधा वर्गात पहिली यायची. तिची कुणी विचारपूसही करत नसे. शेवटी जळफळाटाने तिने तीन पेपर कोरे दिले. आता तिचा धोका सर्वांत जास्त ठरला आणि यंत्राने मॅडमना तरन्नुमकडून काढून तिच्याकडे पाठवलं. सुमेधा सुखावली.

महिन्याभरात तरन्नुम बॅग भरू लागली. "घरी जाते. मॅडमशिवाय गणित डोक्यात शिरत नाही."

"थांब ना, मी शिकवते."

"तुला येतं? मग पेपर कोरे का दिलेस?"

"मला मॅडम हव्या होत्या."

"मलाही," तरन्नुम म्हणाली आणि तिने बॅगेची चेन लावली.