मळमळीची गोळी

"काल रात्रीही उलटी झाली?" तपासायला घरी येणाऱ्या सिस्टरने स्वयंपाकघराच्या दारातूनच विचारलं.

"झाली. मला सकाळी भांडं बघून कळलं," काकू म्हणाल्या.

सांगताना त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. नवरा ओकाऱ्यांनी बेजार, आणि आपण शेजारी ढाराढूर! पूर्वी काकांनी नुसती कूस बदलली तरी जाग यायची. महिनोन् महिने डोळ्याला डोळा लागला नव्हता, आता अंगच दगा देत होतं. चहासुद्धा हल्ली कडवट लागायचा. थकव्याने तोंडाची चवच गेली होती.

सिस्टरने आवाज खाली आणला. "डॉक्टर म्हणतात, गोळीने मळमळ थांबत नसेल तर काकांना दवाखान्यात हलवू. तिथे सुईतून औषध देता येईल."

कॅन्सर आता बरा होणार नाही, हे काकांनी निमूट ऐकून घेतलं होतं. मागितलं होतं एकच, शेवटपर्यंत याच घरात राहायचं. काकूंनी तसा शब्द दिला होता.

"गोळी नक्की पोटात जाते ना?" सिस्टरने विचारलं.

काकू घुटमळल्या. "हातात दिली तर घेत नाहीत हो. गुंगी येते म्हणतात. म्हणून मी कुटून त्यांच्या चहात घालते. रात्रीच्या जेवणाआधी अर्धा तास, तुम्ही सांगितलं तसंच. दोघांचे कप टेबलावर ठेवून गॅस बंद करायला जाते. परत येईपर्यंत ह्यांचा चहा संपलेलासुद्धा असतो."

"त्यांना सांगायला हवं, काकू."

"चिडतील माझ्यावर."

"चिडू देत," म्हणत सिस्टर आत गेली. काकू दाराआड उभ्या राहिल्या.

"काका, रागावू नका. काकू तुमची गोळी चहात घालतात."

"ठाऊक आहे. पहिल्याच घोटाला कळलं."

"मग उलट्या का थांबत नाहीत? असंच राहिलं तर दवाखान्यात जावं लागेल."

"जाईन की," काका म्हणाले. "पण तिला यातलं काही बोलू नका. आत्ता कुठे रात्रीची झोपायला लागलीय ती. तो कप मी रोज तिच्यापुढे सरकवतो."