पाच ताऱ्यांचा फ्रिज

"दार सारखं उघडलं की युनिटं वाढतातच, मॅडम," व्यंकट म्हणाला.

चेन्नईत, नुंगंबाक्कमच्या ऑफिसात फ्रिज कंपनीचा हा अधिकारी हरिप्रियाला तिसऱ्यांदा तेच ऐकवत होता.

"घरात आई एकटी असते. दिवसातून चारदा दार उघडते. बाकी सगळं बंद ठेवून मी स्वतः मीटर पाहिला. तुमच्या स्टिकरप्रमाणे दिवसाला एक युनिट. हा अडीच खातो."

"स्टिकर सरकारी आहे, मॅडम."

"तारे सरकारचे, फ्रिज तुमचा. मग खोटेपणा कोणाचा?"

व्यंकट पेनाचं टोपण घालत-काढत राहिला.

ती आली होती आप्पांसाठी. तिचे वडील बालाजीराव, निवृत्त इंजिनिअर. दोन हजार सहा साली सरकारने फ्रिजवर तारे आणले आणि टी. नगरचे दुकानदार बिनताऱ्यांचा माल मागे सरकवू लागले. कोणता घ्यावा, हे विचारायला कॉलनीतली तंजावरी मराठी मंडळी आप्पांकडे येत. आप्पा आठवड्यातून दोन दिवस गिंडीला कामाला जात. उरलेल्या दिवशी लोकांबरोबर दुकानं हिंडत. "हाच घ्या. शब्द माझा," म्हणत. सात घरांनी तोच घेतला.

मग बिलं आली. शेजारचे नागोजीकाका भर जिन्यात म्हणाले, "बालाजीराव, तुमचे तारे आम्हाला दिवसा दिसले हो." मागून कोणीतरी कमिशनचंही बोललं. आप्पांनी संध्याकाळचं फिरणं तेवढं बंद केलं. मार्चमध्ये ते गेले. तेराव्याच्या पंगतीत नागोजीकाकांनी तोच विनोद पुन्हा केला, तेव्हा वाढता वाढता हरिप्रियाने हातातला डाव खाली ठेवला होता.

"मला भरपाई नको," ती म्हणाली. "हे तारे ज्याने दिले त्याचं नाव हवं. ग्राहक मंचात तक्रार टाकणार आहे. त्या माणसाला सात घरांसमोर उभं करणार."

"आम्ही मनाने तारे लावत नाही, मॅडम. गिंडीची प्रयोगशाळा तपासते, तिथला इंजिनिअर सही करतो, मग लावतो."

"तो अहवाल दाखवा. तोवर मी उठत नाही."

पाऊण तासाने व्यंकटने झेरॉक्स आणून तिच्यापुढे ठेवली. पानंच्या पानं आकडे. शेवटी दोन ओळी: फ्रिज स्वतः तपासला, पाच तारे देण्यास योग्य.

"नाव छापलेलं नाही," तो म्हणाला. "सही आहे, पण कुठल्या लिपीत, देव जाणे. इथे कोणाला वाचता येत नाही. प्रयोगशाळेला विचारून कळवतो."

हरिप्रियाने पान जवळ ओढलं. सही मोडीत होती. शाळेत असताना दर तिमाहीला तिच्या प्रगतिपुस्तकावर पालकाच्या जागी हीच सही होत असे.