निरगुडीचा वास

"निरगुडी कुणासाठी शिजतीय, काकू?" भगवानराव पाटलांनी उंबऱ्याबाहेरूनच विचारलं.

बायनाबाईनं तोंडातल्या तोंडात शिवी हासडली. मेला तो वास! भांडं झाका, दार लावा, तो निघतोच बाहेर. नांदूरघाटात प्लेग आल्यापासून लोक एकमेकांच्या घराचा वास घेत फिरत होते. निरगुडीचा पाला वाफवून सुजेवर बांधायचा, ही गावाची जुनी रीत. पण आता सूज म्हणजे गाठ, आणि गाठ म्हणजे नदीपलीकडच्या झोपड्या. निजाम सरकारचा तसा हुकूमच होता. तिथं नेलेलं माणूस अजून तरी परत आलं नव्हतं.

आतल्या खोलीत आश्रुबा तापानं फणफणला होता. एकुलता एक लेक. जांघेत लिंबाएवढी गाठ. पाला बांधण्याशिवाय दुसरा इलाज तरी कुठला होता? त्याचं कण्हणं बाहेर जाऊ नये म्हणून सून मुक्ता त्याच्या तोंडावर पदर धरून बसली होती.

"माझा गुडघा सुजलाय, बाबा," बायनाबाई म्हणाली.

"दाखवा."

आत मुक्तानं कान टवकारले. सासू पहाटेच तर विहिरीवरून घागर घेऊन आली होती, चांगली तरातरा! मुक्ता दाराच्या फटीतून बघायला लागली. बायनाबाईनं लुगडं वर सारलं, पाला सोडला. गुडघा खरंच टम्म फुगला होता, काळानिळा पडला होता.

पाटलांचा चेहरा उतरला. "आवं, एवढं सोसताव आन सांगितलं न्हाई कावून? आमच्या रतनला धाडतो. रोज येऊन शेकंल. तुमच्याच हातावर जन्मलेली पोर हाय ती."

पाटील वळले. संकट टळलं होतं. आत मुक्तानं देवाला हात जोडले.

बायनाबाई मात्र भिंत धरून उठली. रतन! आली की आधी गळ्यात पडायची पोरगी. नको म्हणायला एक सबब सुचेना. सूज तर पाटलांनी डोळ्यांनी बघितलेली. म्हातारीचा जीव नुसता तुटत होता, एकदा आतल्या खोलीकडं, एकदा पाटलांच्या पाठीकडं.

"भगवानराव, पोरीला धाडू नका," ती ओरडली. "घरात गाठ हाय. आश्रुबाला."

आत मुक्तानं हंबरडा फोडला. पाटील जागीच थिजले. मग त्यांची नजर तिच्या गुडघ्यावर गेली.

"मग ह्यो गुडघा?"

"वास तुमच्यापत्तुर जाणार, हे ठावं होतं," बायनाबाई म्हणाली. "म्हून सकाळीच वरवंटा घालून घेतला."