नऊ नंबरचं लेट्यूस

सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला. सूनबाईंनी तो पॉलिहाउसच्या दारातच वाचला आणि शास्त्रज्ञाला न शोभणारी शिट्टी वाजवली.

"आई, नऊ नंबर! वजनात पहिला, आणि पानांत सेलेनियम साध्या लेट्यूसच्या चौपट!"

"मॅडम, कामावर मला आई म्हणायचं नाही, हे तुम्हीच ठरवलंय," सासूबाई म्हणाल्या. चेहरा मात्र खुलला होता.

कलमं त्यांनी बांधली होती. खाली रानटी लेट्यूसचा खुंट, कारण त्याची मुळं मातीतलं सेलेनियम अधाशासारखी ओढतात. वर खाण्याच्या लेट्यूसचा शेंडा. हे खनिज शरीराला कणभरच लागतं. तो कण भाजीतूनच मिळावा, एवढ्यासाठी ही धडपड. काडीएवढे देठ तिरपे कापायचे, जुळवायचे, चिमट्यात धरायचे. एकतीस वर्षं सासूबाईंनी दुसरं काही केलं नव्हतं.

बारा वाजता संचालक येणार होते. कलम यशस्वी ठरलं तर कलमांचा वेगळा विभाग आणि त्याच्या प्रमुख सासूबाई. नाहीतर महिनाअखेर निवृत्ती. बाकीची रोपं साध्या लेट्यूसच्या जेमतेम पुढे होती. सगळी मदार नऊ नंबरवर.

सून संचालकांना फोन लावू लागली. सासूबाईंनी कौतुकानं नऊ नंबरचं पान उलटं केलं आणि मधल्या शिरेवरून अंगठा फिरवला. अंगठा थांबला. शिरेवर बारीक काट्यांची ओळ होती. खाण्याच्या लेट्यूसला काटे नसतात.

त्यांनी बुंध्याची माती सारली. चिमटा जागेवर होता. वरचा शेंडा केव्हाच वाळून दोऱ्यासारखा झाला होता. चिमट्याखालून खुंटालाच फुटवा आला होता आणि तोच माजला होता. असे फुटवे रोज खुडणं हे त्यांचंच काम. मध्ये आठ दिवस त्या तापानं घरी होत्या. परतल्यावर रोपाचा जोम पाहून त्या इतक्या खूश झाल्या, की खाली वाकून पाहायचं राहूनच गेलं.

माती परत सारली असती, तर कुणाला कळलंही नसतं.

"अगं, ठेव तो फोन. हे कलम नाही. कलम मेलंय. हा नुसता खुंट आहे."

सूनबाईंनी वाकून पाहिलं आणि त्या मटकन पालथ्या बादलीवर बसल्या.

"पण आई, खुंटाची पानं कडूजहर असतात. नाहीतर कलमाचा खटाटोप केला कशाला असता आपण?"

"असतात म्हणे. तू खाल्लंयस कधी?"

"नाही. तुम्ही?"

"खुंट कोण खातं!"

सासूबाईंनी पान तोडलं, अर्धं सुनेच्या हातावर ठेवलं. रानात हे झाड उन्हात, पाण्यावाचून वाढतं. इथं त्याला सावली होती, पोटभर पाणी होतं. दोघी सावकाश चावू लागल्या.

"आई, हे गोड निघालं तर..."

"तर कलमांची गरजच काय? मग मी घरी," सासूबाई मजेत म्हणाल्या आणि त्यांनी आणखी एक पान तोडलं. "घड्याळ बघ, मॅडम. कडवटपणा मागाहून येतो."

अकरा वाजून वीस मिनिटांपर्यंत तो आलेला नव्हता.