कोपऱ्यातली फांदी

खाडीवरच्या नव्या रेल्वे पुलाचं काम कुठवर आलं, याचे फोटो ग्रुपवर टाकणारे आम्ही दहाबारा वेडे. पण वाहवा लुटायचा एकटा भिवा. मी रत्नागिरीहून मोटारसायकलने जायचो, गळ्यात भारी कॅमेरा अडकवून, तरी माझ्या फोटोत निम्मं पत्र्याचं कुंपणच यायचं. त्याच्या तडा गेलेल्या मोबाइलमध्ये मात्र रोज सकाळी वरून अख्खा पूल. कुठून काढतोस विचारलं की एकच उत्तर, "जागा माझी हाय." त्या माजाने माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. दोष काढायला सापडायची ती फक्त कोपऱ्यात घुसलेली हापूसची फांदी. "आधी ती फांदी हटव, सगळी फ्रेम नासते," असं मी त्याच्या प्रत्येक फोटोखाली लिहायचो. काल कोपरा मोकळा दिसला. पूल असा काही उठून आला होता की ग्रुपवर अंगठ्यांची रांग लागली. आज ती जागा हुडकायचीच, म्हणून मी खाडीपलीकडची घाटी चढलो. वर भिवाचं घर निघालं. पुलावरून येणारा मार्ग डोंगर कापून त्याच्याच अंगणातून जायचा होता. भिंतीवर लाल रंगाची खूण होती आणि हापूसची सगळी कलमं आडवी झाली होती. एका ओल्या खोडावर बसून तो पुलाचा फोटो काढत होता. मला बघून जरा सरकला. "ये, बस," म्हणाला. "जागा आता माझी नाय."