शेवटच्या कडव्यातलं नाव

"आजोबा, आता तुम्हीच सांगा. ही बासष्ट गाणी बाळाबुवांचीच ना?"

पुण्याहून आलेल्या परीक्षकांनी माइक थेट काशीरामआप्पांच्या पुढ्यात धरला आणि आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं.

रत्नागिरीत, विद्यापीठाच्या केंद्रात वेदिकाच्या पीएचडीची तोंडी परीक्षा चालली होती. विषय होता कोकणातल्या जाखडी नाचाच्या गाण्यांचा इतिहास. आप्पा मालगुंडजवळच्या वाडीतून सकाळच्या एसटीनं आले होते, कडक इस्त्रीची टोपी घालून. का येऊ नये त्यांनी? बासष्टच्या बासष्ट गाणी त्यांनीच पोरीला गाऊन दाखवली होती. दोन वर्षं, दर रविवारी, पंच्याऐंशीच्या वयात, धाप लागेपर्यंत.

आणि त्यातलं एकही गाणं बाळाबुवांचं नव्हतं. सगळी आप्पांच्या बापसाची, लवूची. लवू दिवसभर दुसऱ्याच्या कलमांना पाणी घालायचा आणि तोंडानं गाणी जुळवत राहायचा. पण नाचाची रीतच तशी. गाणं कुणीही रचो, शेवटच्या कडव्यात नाव घालायचं ते गुरूचं, म्हणजे बाळाबुवांचं. शागीर्दानं स्वतःचं घातलं की मंडळातून हकालपट्टी. लवूनं मरेपर्यंत रीत पाळली आणि मेला तेव्हा त्याचं नाव साध्या चिठोऱ्यावरही नव्हतं.

बापसाचं नाव एकदा छापलेलं बघावं, एवढीच आप्पांची इच्छा उरली होती.

म्हणून तर पहिल्याच रविवारी त्यांनी पोरीला सगळं सांगून टाकलं. तिनं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग बंद केलं.

"आप्पा, याला लेखी काही आहे?"

"माझा बापूस सही कराय शिकला नाय गो. लेखी कुठनं आणू?"

"बघते मी," ती म्हणाली. गोड पोर. हक्कानं घावणे मागून खायची. "आडनाव कशाला, नुसतं वेदिका म्हणा," म्हणायची. पाया पडल्याशिवाय कधी उंबरा ओलांडला नाही तिनं. सख्ख्या नातीनं काय वेगळं केलं असतं?

आणि आज तिनं पडद्यावर एकेक गाणं दाखवलं, प्रत्येकाखाली बाळाबुवांचं नाव. आप्पांचं काळीज तुटलं. परीक्षकांनाही ते पटेना. "या कडव्यांची घडण बाळाबुवांची वाटत नाही. पुरावा काय?" त्यांनी खोदून खोदून विचारलं. वेदिका चाचरली. मग माइक आप्पांकडे आला.

नाही म्हणायचं, बस. एका शब्दाचं काम. पण पोरीचे डोळे आप्पांवर खिळले होते. बिचारीचा काय दोष? लेखी पुरावा मागणारे हे लोक. तिनं लवूचं नाव घातलं असतं, तर प्रबंध तोंडावर फेकला असता हिच्या. आपल्या एका शब्दानं तिची इतक्या वर्षांची मेहनत मातीत जायची. जळो मेली ती रीत!

"बाळाबुवांचीच," आप्पा म्हणाले.

टाळ्या पडल्या. कुणीतरी पेढा हातावर ठेवला. आप्पांनी तो तसाच खिशात टाकला. बापसाला आपण दुसऱ्यांदा स्मशानात पोचवून आलो, असं त्यांना वाटलं.

वेदिका रडत रडत पाया पडली. सोनेरी अक्षरांचा जाडजूड प्रबंध तिनं त्यांच्या हातात दिला.

"आप्पा, तुमचे उपकार फेडता यायचे नाहीत. वाचता येत नसलं तरी घरात असू दे."

आप्पांनी मान डोलावली. आपण चौथीपर्यंत शिकलोय, हे तिनं कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

एसटी स्टँडवर गाडीला वेळ होता. आप्पा बाकावर बसले, चष्मा लावला. माणसाचं मन वेडं असतं. पोरीनं आभारात तरी कुठंतरी घातलं असेल नाव, असं त्यांना वाटलं. त्यांनी पहिलंच पान उघडलं आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचायला घेतलं. नाव होतं. लवू. स्वच्छ, काळ्या शाईत छापलेलं. आप्पांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा पुसला आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"अर्पण. माझे पणजोबा बाळाबुवा यांना. लवूनं चोरलेली तुमची सगळी गाणी मी त्याच्या घरातून परत आणली आहेत."